प्रतापची प्लायवूडची गिटार

किस्से साचायला मोठा ग्रुप लागतो, असं काही नाही. दोन मित्र आणि एक फालतू इलेक्ट्रिक गिटार, एवढ्यावर माझ्याकडे सात-आठ वर्षांचा माल जमलाय. चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "ते प्रतापच्या गिटारीचं सांग की!" मी सांगतो. लोक हसतात. प्रताप असला तर तोही हसतो, पण जरा उशिरा.

प्रताप केडगावचा, माझा शाळेपासूनचा मित्र. दिवसा लाईट फिटिंगची कामं करायचा आणि लग्नसराईत, भीमजयंतीला अण्णांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गिटार दुकानातली सगळ्यात स्वस्त, तीही सेकंडहँड. मी नागापूर एमआयडीसीत एका कंपनीत कॉईल गुंडाळतो. त्यामुळे तिचा डॉक्टर मीच!

*

इलेक्ट्रिक गिटारीत तारांखाली चुंबक आणि कॉईलची एक डबी असते. तिला पिकअप म्हणतात; प्रतापच्या गिटारीत असे दोन होते. तारेची थरथर ती पकडते, मग स्पीकरमधून आवाज येतो. डबी स्वस्तातली असली की आतली कॉईल सैल राहते आणि ती भलतंच पकडत बसते.

शेवगावला एक लग्न होतं. नवरदेवाचे मामा फर्माईशीवर फर्माईश करत होते. प्रताप गिटारीवर पार वाकून तार लावत होता. वाकल्या वाकल्या पुटपुटला, "या मामाला कुनीतरी जेवायला न्या रे!"

पिकअपनं ते पकडलं. घोगऱ्या आवाजात सगळ्या मांडवाला ऐकवलं!

मांडव हसला. मामासुद्धा हसले. आम्ही जेवायला गेलो तेव्हा वाढप्यानं पातेलं उलटं करून दाखवलं. "मामांनी सांगितलंय, ऑर्केस्ट्रावाल्यांचं जेवन संपलं."

*

सैल कॉईल घट्ट करायची तर पिकअप वितळलेल्या मेणात बुडवायचा. मोटारीची कॉईल आम्ही वार्निशमध्ये बुडवतो, तसंच. प्रतापच्या स्वयंपाकघरात आम्ही मेण वितळवलं. पातेलं नेमकं दुधाचं निघालं. मेण जास्त तापलं, एका पिकअपची प्लास्टिकची डबी पुरणासारखी मऊ होऊन बसली. दुसरा मात्र गप्प झाला. ओरडून बघितलं, काही पकडेना!

प्रतापची बायको, आमच्या संगीतावहिनी, दारात उभ्या होत्या. पातेल्याकडे बघत म्हणाल्या, "गिटारीचं तोंड बंद केलं. आता माझं करून दाखवा."

त्यानंतर वर्षभर आम्हाला त्या घरात काळा चहा मिळाला.

*

एक पिकअप गेला, म्हणून ऑनलाईन नवी जोडी मागवली. बसवायला मी कंपनीत अर्ध्या दिवसाची रजा मागितली. सुपरवायझरनं कारण विचारलं. मी म्हणालो, "मित्राचे पिकअप बदलायचेत."

"टायर पन बघून घे," तो म्हणाला. आमच्याकडे पिकअप म्हणजे मालाची गाडीच!

नवे पिकअप आकारानं मोठे निघाले. खोबण कोरून वाढवायला गिटार सुताराकडे नेली. त्यानं पटाशी मारली, वास घेतला आणि गिटार प्रतापच्या हातात परत दिली.

"हे लाकूड न्हाई, प्लाय हाय. याच्यापरीस तुमच्या कपाटाचं दार वाजवा!"

तरी कोरून दिलं. आम्ही पिकअप बसवले, आवाज आधीपेक्षा वाईट! उघडून बघितलं तर नाव भारीतलं आणि आत आमचाच जुना माल.

*

मग मी हट्टाला पेटलो. आमच्या खात्यात रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचच्या, कॉईलला केसापेक्षा बारीक तार लागते. रिळाच्या शेवटी उरलेली तार भंगारात जाते. जेवणाच्या सुट्टीत मी मशीन हळू ठेवायचो आणि तार बोटांतून सोडत हजारो वेढे घालायचो. पहिली कॉईल जमली, दुसरी सहा वेळा तुटली. सातव्या वेळी पूर्ण झाली आणि मान वर केली तर समोर सुपरवायझर!

"घरचं काम?"

मेमो मिळाला. एकोणीस वर्षांत माझ्या कॉईलबद्दल कंपनीनं लेखी दिलेला हा पहिला कागद!

*

माझे पिकअप बसवले. तारा पिळायच्या चाव्या बदलल्या, तारा टेकतात तो ब्रिज बदलला. प्रतापनं घरच्या छोट्या स्पीकरला वायर जोडली आणि एक साधीच चाल वाजवली. आवाज गोल, स्वच्छ. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायलाच तयार नव्हतो.

प्रतापचे वडील तरुणपणी भीमगीतांच्या गायन पार्टीत गायचे. आता कमी ऐकू येतं. ते आतून भिंतीला धरत बाहेर आले.

"आज कोन वाजवतंय रे?"

"मीच की, दादा."

"तूच?" दादा म्हणाले. "मंग इतकी वर्षं कोन वाजवत हुतं?"

*

त्याच महिन्यात अण्णांनी नवा कीबोर्ड घेतला. त्यात गिटारीचं बटण होतं.

नगरमध्ये एका रिसेप्शनला मी मुद्दाम गेलो, माझे पिकअप मोठ्या स्पीकरवर ऐकायला. प्रताप वायर जोडायला लागला तर अण्णांनी हात धरला. "वायर राहू दे. मिक्सरला जागा न्हाई. तू गळ्यात घालून उभा राहा फक्त, फोटोत गिटार बरी दिसती."

प्रताप अडीच तास उभा राहिला. प्रत्येक गाण्याला बोटं बरोबर जागेवर. एक सूर चुकवला नाही त्यानं. गिटार वाजत होती ती शेजारच्या कीबोर्डमधून.

कार्यक्रम संपल्यावर एक तरुण घाईघाईनं स्टेजजवळ आला. पुण्यात नोकरीला होता, स्वतः गिटार शिकत होता.

"सर, टोन कसला भारी आहे! पिकअप कुठले टाकलेत?"

इतक्या वर्षांत हे विचारणारा तो पहिला माणूस. मी प्रतापकडे बघितलं. तो गिटार पुसत होता. त्यानं फडकं बाजूला ठेवलं.

"विकतचे न्हाईत," प्रताप म्हणाला. "हातानं गुंडाळलेत. ह्यानं."

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. केसापेक्षा बारीक तार, सहा वेळा तुटलेली कॉईल, प्लायमध्ये कोरलेली खोबण, नव्या चाव्या. तो पोरगा डोळे मोठे करून ऐकत होता. मागे अण्णा कीबोर्ड खोक्यात भरत होते.

त्या तरुणानं माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"दादा, पहिल्याच गाण्याला ओळखलं मी. मशीनला हा आवाज येतच नाही!"

"थँक्यू," मी म्हणालो.