हेडफोनमधली घरघर

"अहो शेठ, त्या बेनला विचारा ना! कधीची ती त्या तारेकडंच पाहून राहिली."

बोलणारा टेम्पोवाला होता, आणि ती बेन म्हणजे मी. सुरतजवळ उधन्याच्या एका शेडमध्ये आमचे शेजारी काका स्वतःच्या हातांनी दोन सीटचं विमान बांधत होते, त्याची चाकं पोचवायला तो आला होता. विमानाच्या रेडिओच्या हेडफोनमधली घरघर काही केल्या जाईना, म्हणून वैतागलेले काका कित्येक महिन्यांच्या मेहनतीचं सगळं वायरिंग कापायला निघाले होते.

"ही?" काका हसले. "चहा हवा का विचारलं तरी नुसती मान हलवते."

"मग थांबू की. मला कुठं उडायचंय?" असं म्हणत टेम्पोवाला आमच्याकडे पाठ करून बसला आणि खांद्यावरच्या रुमालाने चाक पुसू लागला. ते स्वच्छच होतं.

माझ्याकडे सगळे बघू लागले की माझे शब्द आटतात. हे त्याला कसं कळलं, कोण जाणे. त्याचं नावही मी विचारलं नाही, पण ती पाठ मी विसरणार नाही. तिच्याकडे बघतच मी म्हणाले,

"काका, कापू नका. तारेवरची जाळी दोन्ही टोकांना अर्थिंगला लागलीय, म्हणून घरघर येते; ती एकाच टोकाला लागायला हवी. हेडफोनचा जॅक विमानाच्या पत्र्याला टेकलाय, तिथे प्लास्टिकचा वॉशर घाला."