कणीक थापणारीचा ठेका

आमचा दादा पखवाज वाजवायचा. चाकणपासून आळंदीपर्यंत त्याचं नाव. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, तिथल्या गड्यांनीसुद्धा त्याला भजनाला बोलावलेलं. वाजवताना डोळे मिटून मान अशी हलवायचा, जशी काय कानात माशी शिरलीय. ती मान मी शाळेत करून दाखवायचे, पोरी हसून लोळायच्या.

पण तो शेतात गेला की पखवाज माझा. त्याच्याइतकंच वाजवायचे मी. जास्तच म्हणते, कुणाचं काय जातंय? घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापली की तो घुमतो. आता कणीक मळायची म्हणजे बायकी काम, दादा कशाला हात लावतोय! म्हणून प्रत्येक भजनाला मला न्यायचे. कणीक थापायची, थाप मारून आवाज बघायचा आणि गुपचूप बायकांत जाऊन बसायचं. लोकांसमोर माझं वाजवणं तेवढंच.

एकदा शेजारच्या गावात भजन होतं. दादा पाटलांच्या ओट्यावर चहा पीत कौतुक ऐकत बसलेला. इकडे देऊळ भरलेलं. टाळकऱ्यांत आमचे आबाही होते. मी कणीक थापली, थाप मारली. असा घुमला म्हणता! म्हटलं, आज उठायचं नाही.

"झालं का गं?" गाणारे बुवा म्हणाले.

"न्हाई बुवा, अजून बघती."

आणि ठेकाच धरला. टाळकरी बिचारे! ठेका ऐकला की त्यांचे हात थांबतात होय? टाळ सुरू झाले, मग बुवा तरी काय करतील? गायला लागले.

दादा धावत आला. दारातूनच हातानं खुणावलं, ऊठ! मी डोळे मिटले आणि त्याच्यासारखी मान हलवली. देऊळ खदाखदा हसलं. मग मी लय वाढवली, तसं हसणं बंद झालं. अभंग संपेस्तोवर उठले नाही.

परतताना बैलगाडीत आबा म्हणाले, "पोरीच्या जातीनं असं वाजवायचं? लोक काय म्हनतील?"

"आबा, टाळ तर तुमीच वाजवत व्हता की."

आबा उगाच बैलांवर ओरडले. दादा फुगलेलाच. "फुडल्या भजनाला हिला आनायची न्हाई," म्हणाला.

"नको आनू. रस्ता ठावा हाय मला, चालत यीन."