कॉकपिटमधली तिसरी सीट

माझ्या बायकोला माझ्याबद्दल सगळं ठाऊक आहे — चोरून ओढलेल्या सिगारेटी, दोनदा नापास झालेली परीक्षा, सगळं. हे एक सोडून. तिला नाही सांगितलं, मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही पास्कलला ओळखत नाही म्हणून असेल. त्याला ओळखणाऱ्या कुणासमोर हे बोलायला माझी जीभ रेटत नाही.

मी वैमानिक. वसईच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातला पहिलाच, त्यामुळे गावात माझा तोरा काय विचारता! पास्कल वसईच्याच पाचूबंदरचा, किल्ल्याजवळच्या कोळीवाड्यातला. त्याची आई बंदरावरच्या लिलावात मासळी घ्यायची आणि बाजारात विकायची. आम्ही एकाच फ्लाइंग क्लबात शिकलो, एकाच कंपनीत लागलो. मित्र होतो — म्हणजे तो अजूनही मला मित्रच समजतो.

आधी त्या सीटबद्दल सांगायला हवं. दोन वैमानिकांच्या मागे कॉकपिटमध्ये एक घडीची सीट असते, जंपसीट. काही वर्षांपूर्वीपर्यंत, विमान भरलेलं असलं की घरी निघालेला वैमानिक तिच्यावर बसून यायचा. पण ती हक्काची नव्हे. स्वतः दारात जाऊन, टोपी काढून कॅप्टनला विचारायचं. तो नाही म्हणाला तर कारण विचारायचं नाही. आणि बसायला मिळालं तर विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना चकार शब्द काढायचा नाही. यातलं थोडं नियमात होतं, बाकीची आमची रीत.

मी ती एकदा मोडली. पास्कलच्या विमानात त्या सीटवर बसून अहमदाबादहून येत होतो. उतरताना खाली वसईचा किल्ला दिसला आणि मी बोलून गेलो — अरे पास्कू, तुझं बंदर बघ! त्याने मागे न बघता नुसता हात वर केला. गप्प. तेही त्याच्या कोपायलटसमोर. त्याचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच जास्त झोंबलं ना? वर्षभर तो वर केलेला हात माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही. कधीतरी हा माझ्याकडे सीट मागायला येईल, याची मी वाट बघत होतो. हो, वाट बघत होतो.

तो दिवस मद्रासला आला. मे महिना, दुपारचं मुंबईचं विमान, एक जागा रिकामी नाही. दारं बंद व्हायला दहा मिनिटं होती. विमानतळावरचा आमचा माणूस आत येऊन म्हणाला, कॅप्टन पास्कल जंपसीट मागतायत. निरोप धाडला? स्वतः यायला काय झालं? नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला नकारही द्यायचा होता आणि सभ्यही दिसायचं होतं. मी म्हणालो, "त्यांना सांगा, सीटचा पट्टा लॉक होत नाहीये."

पट्टा उत्तम होता. सकाळीच माझ्या कोपायलटने तो लावून, ओढून बघितला होता. आता तो माझ्या शेजारीच कागद चाळत बसला होता. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत कागदांत डोकं घातलं.

मग पास्कल स्वतः आला. धावत आला होता, दम लागला होता. घरचा फोन चालू होता म्हणून त्याने निरोप धाडला होता — एवढंच. कामावर कायम इंग्रजीत बोलणारा हा माणूस कॉकपिटच्या दारात उभा राहून घरच्या बोलीत बोलायला लागला. "सदा, आय चालली रे. पानी पन घेत नाय. सारखा माझाच नाव घेते. बघ ना, काय होते का."

आता नीट ऐका, कारण माझा गुन्हा इथे आहे. मला खोटं कबूल करायचीसुद्धा गरज नव्हती. मागे वळायचं, पट्टा लावायचा, 'अरे, बसला की!' म्हणायचं. पास्कलला कधी संशयही आला नसता. पण कोपायलटसमोर माझं पितळ उघडं पडलं असतं. त्याला तर आधीच कळलं होतं! तरीही — ज्याच्याबरोबर मी जेमतेम तीनदा उडलो होतो, त्या माणसाच्या नजरेला मी भ्यालो. एका बाजूला मरणाच्या दारातली बाई, दुसऱ्या बाजूला माझी ऐट. आणि मला निवड करायला वेळसुद्धा लागला नाही.

"सॉरी कॅप्टन," मी म्हणालो. "सेफ्टीचा प्रश्न आहे." कॅप्टन म्हणालो मी त्याला.

त्याने वाद घातला नाही. कारण विचारायचं नसतं ना. "बरोबर हाय तुझा" म्हणाला आणि उतरून गेला. दार बंद झालं. पुढचे दोन तास कोपायलट कामापुरतंच बोलला.

मुंबईला उतरल्यावर आणखी एक केलं. सीट बिघडली म्हटल्यावर विमानाच्या नोंदवहीत ते यायला हवं, नाहीतर कुणीतरी विचारलं असतं. मी लिहिलं — पट्टा लॉक होत नाही — आणि खाली सही ठोकली. इंजिनिअरने पाच मिनिटांत शेरा मारला: तपासले, ठीक आढळले. ती वही पुढे कुणी उघडून बघितली नाही.

पास्कलची आई संध्याकाळी साडेसहाला गेली. माझ्या विमानात असता तर तो पाचला तिच्याजवळ असता. तो नंतरच्या विमानाने आला, तेव्हा अंगणात माणसं जमली होती. दुसऱ्या दिवशी मी मयताला गेलो. पेटीला खांदा दिला. कसा दिला असेन? पास्कल माझ्या गळ्यात पडून रडला. त्याची बहीण म्हणाली, "शेवटपर्यंत दाराकडंच बघत व्हती." मला लाज वाटली, भीती त्याहून जास्त वाटली.

पुढे काही वर्षांनी पास्कल नव्या वैमानिकांना शिकवायला लागला. एकदा त्याने मला वर्गात बोलावलं. वीसेक जण होते. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "माझी आई शेवटच्या घटका मोजत होती आणि ह्या माझ्या मित्राने मला नादुरुस्त सीटवर बसू दिलं नाही. कॅप्टन असा असतो."

तेव्हा सांगता आलं असतं. निदान खाली बघता आलं असतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या — आणि मी हात जोडून त्या घेतल्या.

त्यानंतरच्या प्रत्येक तुकडीला तो हे सांगत आलाय, माझं नाव घेऊन. मी त्याला एकदाही थांबवलेलं नाही.