बोटात अडकलेली अंगठी

प्रत्येक अंगठी आपलं बोट स्वतःच शोधते, असं हस्तकलेच्या प्रदर्शनातल्या एका टेबलावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं. माझ्यासमोर चांदीच्या एका अंगठीने एका काकूंचं बोट शोधलं आणि मग ते सोडेचना. साबण झाला, तेल झालं. बोट जांभळं पडत चाललं. अंगठी घडवणारी मुलगी हातात कटर घेऊन उभी राहिली.

"कापू का?" काय कापायचं, ते तिच्या आवाजावरून कळत नव्हतं.

"काप बाई! दुसरी करशील की अशीच."

"नाही होत हो, काकू. हातोडीचे ठोके पुन्हा तसेच पडत नाहीत."

दुकानातली अंगठी केव्हाच कापली गेली असती. जगात एकच असलेल्या वस्तूचं आपल्याला फार कौतुक. पण ती दुसऱ्याच्या बोटात असेपर्यंतच.

मुलीने कटर अंगठीला लावला. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून मोती ओवायचा रेशमी दोरा आला. तिने तो अंगठीखालून घालून बोटाभोवती घट्ट गुंडाळला आणि हळूहळू उलगडत नेला. दोऱ्याबरोबर अंगठी पुढे सरकू लागली. सांध्यावर अडली, थांबली, मग निसटली.

काकूंनी नंतर कानातले घेतले. घालून पाहिले नाहीत.