आधी पाहून ठेवलेला रस्ता

मंडळी, आज माझी चोरी पकडली गेली.

नोकरी संपल्यापासून माझ्या बायकोला सायकलवर नवे रस्ते शोधायचा नाद लागला आहे. डांबर तिला नको, जंगलातले मुरमाचे रस्ते हवेत. मला धास्ती, ती घसरली तर? म्हणून ती ठरवते त्या रस्त्याने मी आदल्या दिवशी गुपचूप जाऊन येतो, गोटे बाजूला करतो आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत पहिल्यांदाच आल्यासारखा वागतो.

आज इंद्रवेल्लीकडच्या चढावर एका वस्तीत पाणी प्यायला थांबलो. हापशीवरची बाई मला म्हणाली, "बाबा, काल बी आलते ना तुमी? गोटे उचलून राह्यले होते."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि सायकल पुढे काढली. मला वाटलं, तिची सारी मजा मीच घालवली.

पुढे दोन वाटा फुटल्या. तिने डावीकडे बोट दाखवलं. "हा पाह्यला का?"

"नाही."

"मंग हाच. मी हळू चालवते. पण अहो, आता एकटे येत नका जाऊ. इथं जंगलात तुमी पडले, तर मले कोण सांगन?"

इतके दिवस मी फक्त तिच्या पडण्याला भीत होतो. माझ्यासाठीही कोणी भीत असेल, हे मनातच आलं नाही.

तुमच्यासाठी घरी कोण भितं, कधी विचारलं का?