तीन श्वासांचा नियम

पुसदला पत्त्यांतला ब्रिज खेळणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातल्या बहुतेकांना तो नीळकंठरावांनीच शिकवलेला. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकुनी करताना बदलून आलेल्या एका साहेबानं चौथा भिडू हवा म्हणून त्यांना टेबलाशी बसवलं. साहेब दोन वर्षांनी गेला, खेळ राहिला. पुढे तीस वर्षं दर रविवारी दुपारी संजयच्या छापखान्यामागच्या खोलीत, शाईच्या वासात, डाव मांडला जायचा. नीळकंठरावांच्या समोर त्यांचे जोडीदार, धनसिंग राठोड मास्तर. दिग्रस रस्त्यावरच्या तांड्यातले, हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेले, येताना रुमालात उकडलेल्या तुरीच्या शेंगा बांधून आणणारे.

मास्तर जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून नीळकंठरावांना एक खोड लागली आहे. बोलता बोलता समोरचा माणूस थांबला, की ते चटकन त्याच्या तोंडाकडे बघतात. फोनवर कुणी जरा गप्प झालं तर ‘हॅलो, हॅलो’ करत उभेच राहतात. जेवताना शीलाताई, त्यांच्या पत्नी, काही सांगता सांगता अडखळल्या तर त्यांचा घास हातातच राहतो. शीलाताई आधी हसायच्या. आता नुसतं म्हणतात, “आहे मी. जेवा.”

ही खोड कुठून आली ते त्यांनी शीलाताईंनाही सांगितलेलं नाही.

ब्रिजमध्ये पानं वाटली की आधी बोली लागते. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. आपापले गुण मोजायचे आणि किती हात करू ते बोलायचं. हुकूम न ठरवता खेळायचं असेल तर ‘नोट्रम्प’. त्यासाठी शहाणी माणसं पंधरा-सतरा गुण हातात असल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. पण संजयचा जोडीदार सलील वकील पुण्याहून शिकून आला तो बारा-चौदावरच ‘एक नोट्रम्प’ म्हणायला लागला. कमजोर नोट्रम्प म्हणतात त्याला. समोरच्यांची पंचाईत अशी की बोलावं तर दोघांच्या मध्ये सापडून मार खाण्याची भीती, आणि गप्प बसावं तर आपला डाव त्यानं चोरून नेलेला.

नीळकंठराव आणि मास्तरांनी एक आख्खा उन्हाळा यावर घालवला. पंधरा गुण असले तर ‘डबल’ म्हणून त्यालाच आव्हान, लांब रंग असला तर तो रंग, नाहीतर ‘पास’. आणि याहून मोठा एक नियम नीळकंठरावांनी घातला. बोलायला वेळ लावला की जोडीदाराला कळतं, याच्या हातात काहीतरी आहे. ती बेइमानी. म्हणून सलीलनं नोट्रम्प म्हटलं की हातात काही असो नसो, दोघांनीही तीन श्वास थांबायचं आणि मगच बोलायचं. नजर आपल्या पानांवर. जोडीदाराच्या तोंडाकडे बघायचं नाही.

माघातल्या त्या रविवारी सलीलनं एक नोट्रम्प म्हटलं. पुढची पाळी मास्तरांची. नीळकंठरावांच्या हातात अकरा गुण आणि सहा बदाम होते. त्यांनी पानांवर नजर ठेवून श्वास मोजले. तीन झाले. पाच झाले. मास्तर बोलेनात. नीळकंठरावांना राग आला. इतकं थांबला म्हणजे याच्याजवळ तेरा-चौदा असणार, आणि आता ते मला कळलं, म्हणजे मला इमानानं बदाम बोलता येणार नाहीत. वीसच्या पुढे केव्हातरी मास्तर ‘पास’ म्हणाले. संजय ‘पास’. नीळकंठरावांनीही सहा बदाम हातात धरून ‘पास’ म्हटलं, आणि त्या क्षणी त्यांना आपल्या इमानदारीचं बरं वाटलं.

उतारी मास्तरांची होती. पान पडेना. “मास्तर, उतारी तुमची,” संजय म्हणाला, आणि मग खुर्ची लोटून उठला. तिघांत सगळ्यात शेवटी मान वर केली ती नीळकंठरावांनी.

मेंदूतली नस फुटली होती. संध्याकाळी दवाखान्यात मास्तर गेले. दहा मिनिटं आधी आणलं असतं तरी हेच झालं असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण त्याआधी, मास्तरांना गाडीत घालून सगळे निघाले तेव्हा नीळकंठराव चष्मा घ्यायला खोलीत परत गेले होते. टेबलाखाली मास्तरांची तेरा पानं पडलेली. त्यांनी ती उचलली, सवयीनं लावली. एक राणी, तीन गुलाम. पाच गुण. विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांनी पानं गड्डीत मिसळून टाकली.

यंदा आखाडात संजयनं पुन्हा डाव मांडला. मास्तरांच्या जागी बँकेतला क्षितिज. तिसऱ्याच डावाला सलील म्हणाला, एक नोट्रम्प. क्षितिज विचारात पडला आणि नीळकंठरावांनी मान वर केली. “बरं वाटते ना तुला?” त्यांनी विचारलं. क्षितिज गोंधळला. सलीलनं पानं खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, “काका, हे तुम्हीच शिकवलं ना आम्हाला, बघायचं नाही म्हणून?”

नीळकंठराव उठले, स्कूटर काढली आणि तांड्यावर गेले. मास्तरांच्या तेराव्यानंतर त्यांनी त्या घरात पाय ठेवला नव्हता.

भुरीबाई, मास्तरांची बायको, ओसरीत मूग निवडत होत्या. त्यांनी पाणी दिलं, शीलाताईंची चौकशी केली. नीळकंठरावांनी पाण्याला हात लावला नाही. आधी सांगून टाकलं. श्वासांचा नियम, वीसच्या वर मोजलेले श्वास, टेबलाखालची पानं. पत्त्यांतलं भुरीबाईंना काही कळत नव्हतं, म्हणून दोनदा सांगावं लागलं.

“म्हंजे इचार नव्हते करत ते,” त्या शेवटी म्हणाल्या.

“नाही, वहिनी. करण्यासारखं काही नव्हतं हातात.”

“आन् तुमी समोरच होते.”

“समोरच होतो. पाहिलं नाही.”

भुरीबाईंनी सूप बाजूला ठेवलं. “मले सारे सांगते, खेळता खेळता गेले, त्याईले काही समजलंबी नाही. मी तेच धरून बसली.” मग नीळकंठरावांकडे नीट बघत म्हणाल्या, “मास्तर दीड-दोन मिनिटं थांबले असतीन, भाऊ. तुमाले मले सांगाले दीड वर्स लागलं.”

नीळकंठरावांनी मान खाली घातली.

“खाली नका पाहू,” भुरीबाई म्हणाल्या. “आवाज कसा होता त्याईचा? पास म्हनले तवा?”

हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही विचारू दिलं नव्हतं. ओसरीच्या पलीकडं कुणाची तरी बकरी ओरडली, थांबली, पुन्हा ओरडली.

“जड होता,” ते म्हणाले. “जीभ वळत नव्हती. मला ऐकू आलं होतं, वहिनी. मला वाटलं, चांगली पानं दाबून धरतो आहे.”

भुरीबाई कितीतरी वेळ बोलल्या नाहीत. नीळकंठराव त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. नजर काढावीशी वाटली तरी काढली नाही. भुरीबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता, आणि तो जाईल असं काही दिसत नव्हतं.

“घरून जेवून निघाले होते ते,” त्या म्हणाल्या. “तिथून म्होरं मले काहीच माहीत नाही. छापखान्यात आले, गाडी लावली. तिथून सांगा. काही सोडू नका.”

नीळकंठराव सांगू लागले. मध्ये एका ठिकाणी ते थांबले, तेव्हा भुरीबाईंनी मान वर केली नाही. पुन्हा मूग निवडत त्या वाट पाहत राहिल्या.