ओढ्याच्या तोंडापासून भिंतीपर्यंत

नाना गेल्याचा त्यांच्या सुनेचा फोन आला, तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. "नाना गेलं गं. सकाळी च्या घेतला आन् बसल्या जागी…" एवढंच त्या बोलल्या. रविवारी मी नानांकडे जाणार होते, त्यांना एक गोष्ट सांगायची होती. त्याला आता पाच आठवडे झाले…

नाना आमच्या विट्याजवळच्या गावच्या तलावात मासे धरायचे. होडी म्हणजे गूळ करायची जुनी काहील. दोघं बसलो की ती जागच्या जागी गोल फिरायची. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला ओढा जिथं तलावाला मिळतो, तिथलं पाणी दर रविवारी बारीक जाळीतून गाळून आणायचं होतं आणि त्यातले जेमतेम दिसणारे जीव मोजायचे होते. उसाला घातलेलं खत आणि गावाचं सांडपाणी तलावात जास्त झालं की पाण्यातल्या डॅफ्निया नावाच्या मोठ्या पिसवा कमी होतात आणि रोटिफर नावाचे अगदी बारीक जीव माजतात. तलाव बिघडतोय हे मासे मरायच्या आधी तेच सांगतात. नानांना हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा ते खूप हसले होते.

"आमी किलोनं धरतो, तू न दिसणारं धरतीस. बाजारात कोण घील गं?"

"तुमचे मासेच खातात हे, नाना."

"म्हंजी माझ्या माशांची भाकरी पळवतीस व्हय!"

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. आई विचारते, जेवलीस का. बाबा विचारतात, संपलं का. त्यांचं काही चुकत नाही. पण आज भिंगाखाली काय दिसलं, हे विचारणारे एकटे नानाच होते.

परीक्षेमुळं एका रविवारी मला जाता येणार नव्हतं, म्हणून जाळी आणि बाटली त्यांच्याकडे दिली. त्या बाटलीत मोठ्या पिसवाच पिसवा निघाल्या. मला शंका आली. विचारलं, तर म्हणाले, "वड्याच्या तोंडाला लय घाण हाय. तुझं मार्क जातील म्हणून तलावाच्या भिंतीकडलं चांगलं पाणी भरलं." मी चिडले. "तुमच्यामुळं माझा आठवडा वाया गेला, नाना. कळत नाही तर करायचं कशाला?" ते काहिलीतलं पाणी डब्यानं उपसत राहिले…

कॉलेजातले माझ्या प्रकल्पाचे सर मात्र ती बाटली पाहून खूश झाले. भिंतीकडे अजून मोठ्या पिसवा आहेत, म्हणजे तलाव सगळा गेलेला नाही, घाण ओढ्यातून येतेय. आता दोन्ही ठिकाणचं पाणी घे, म्हणाले. हे नानांना फोनवर सांगता आलं असतं. पण माफीही मागायची होती, ती समोर बसून मागावी असं वाटलं. रविवारला तीनच दिवस होते.

आता त्यांचा मुलगा मला काहिलीतून नेतो. आम्ही आधी ओढ्याचं पाणी घेतो, मग भिंतीकडचं.

अहवालात प्रत्येक नमुन्यापुढं तो कुणी घेतला हे लिहावं लागतं. त्या बाटलीपुढं मी 'नाना' लिहिलं. सर म्हणाले, पूर्ण नाव लिही. तेव्हा लक्षात आलं, दीड वर्ष मी त्यांच्याबरोबर पाण्यावर बसले आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. मी त्यांच्या सुनेला फोन केला.

"नाव कशाला पायजे? काय सरकारी कागद हाय का?"

"नाही, वहिनी. त्यांनी भरलेलं पाणी कामाला आलं. ते लिहायचंय."

मग त्यांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, एकेक शब्द थांबत, मला लिहून घेता यावं असं.